देवळीच्या अंगणातले अकरा तास

१९ जून २०२२, रविवार. संध्याकाळी ५ वाजून ३४ मिनिटांनी वर्धा जिल्ह्यातल्या देवळीत, माझ्या मामाच्या अंगणात जॅकवर उभी असलेली मारुती ८०० खाली आली. तिच्याखाली माझ्या मामेभावाचा, म्हणजे दादाचा, उजवा हात होता.

दादाला एक चांगली सवय आहे. काहीही उघडलं की प्रत्येक टप्प्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवायचा, म्हणजे सुटे भाग परत जोडताना क्रम चुकत नाही. ते फोटो, त्यांच्यावरच्या वेळा, मिस्त्रींना केलेला फोन आणि घरातल्या प्रत्येकाने नंतर सांगितलेली हकिकत यांवरून हा घटनाक्रम जुळवला आहे. तो लिहावा असा आग्रह दादाचाच होता.

दादा हलगर्जी माणूस नाही. शेतीचा पंप, स्प्रे-पंप, मोटारसायकल, सगळं तो घरीच दुरुस्त करतो. त्या दिवशीही समोर आलेली एकेक अडचण त्याने सोडवलीच. पण प्रत्येक वेळी ती सोडवताना गाडीखालचा एकेक आधार निघून गेला, आणि तिकडे कोणाचं लक्ष गेलं नाही.

शनिवार, रात्री ९.०० (२० तास ३४ मिनिटं आधी)

गाडी १९९७ची. घरातली पहिली चारचाकी. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन तेव्हाही एका चावीत सुरू व्हायचं, म्हणूनच ती विकावी असं मामांना कधी वाटलं नाही. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. २०१२ आणि २०१७मध्ये ते झालं होतं. या वेळची मुदत जूनअखेर संपत होती. १ एप्रिल २०२२पासून मोटारीच्या नूतनीकरणाचं शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० झालं होतं, आणि उशीर झाला तर दर महिन्याला जादा शुल्क. सोमवारी गाडी वर्ध्याच्या आरटीओत तपासणीला न्यायची ठरली होती.

तपासणीत अडेल अशी एकच गोष्ट होती: ब्रेक. पेडल मऊ लागत होतं, डबीतलं ब्रेक ऑइल हळूहळू कमी होत होतं, आणि मागच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला ओघळ दिसत होता. व्हील सिलिंडर गळतोय, हे दादाचं निदान अगदी बरोबर होतं. शनिवारी त्याने वर्ध्याहून नवा सिलिंडर, ब्रेक शू आणि ब्रेक ऑइलची बाटली आणली. चांगल्या गाडीवर हे काम दोन-तीन तासांचं.

रविवार, सकाळी ६.४५ (१० तास ४९ मिनिटं आधी)

पहिला फोटो अंगणाचा. ऊन चढायच्या आत काम उरकायचं म्हणून गाडी घराच्या भिंतीला समांतर लावलेली आहे. घराभोवतीची जमीन काळी, वर मुरमाचा पातळ थर.

वर्ध्याच्या काळ्या मातीत राहणाऱ्याला तिचा स्वभाव ठाऊक असतो. उन्हाळ्यात ती आकसते आणि हात जाईल इतक्या भेगा पडतात. पाऊस लागला की फुगते आणि भेगा मिटतात. पण पहिल्या सरींनी वरचा थर तेवढा मिटतो, आतली पोकळी काही दिवस तशीच राहते. मृगाच्या सरी नुकत्याच येऊन गेल्या होत्या. वरून अंगण सपाट, टणक दिसत होतं.

दादाने गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली, हँडब्रेक ओढला आणि पुढच्या चाकांना विटा लावल्या. इथवर सगळं रीतसर.

सकाळी ७.३० (१० तास ४ मिनिटं आधी)

चाकाचे तीन नट सुटले, चौथा हलेना. लोखंड गंजतं तेव्हा ते नुसतं झिजत नाही, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. नट आणि आट्यांच्या मधली बारीक फट तो भरून काढतो आणि दोन्ही भाग एकजीव होतात. दादाने रॉकेल सोडलं, थोडं थांबला, मग पान्यावर पाइप चढवून जोर दिला. नट सुटला नाही, स्टडच तुटला. चाक मात्र निघालं.

गाडीने दिलेली ही पहिली सूचना होती. पंचवीस वर्षांच्या गाडीत एक बोल्ट असा निघाला, तर बाकीचे वेगळे निघण्याची आशा धरू नये. मामा ओसरीवरून म्हणाले, “एक तं मोडला. आता बाकीचेबी तसेच असन.” दादाने तुटलेल्या स्टडचा फोटो काढला आणि पुढचं काम हातात घेतलं.

सकाळी ८.१० (९ तास २४ मिनिटं आधी)

हा फोटो मी सगळ्यात जास्त वेळा पाहिला आहे. दाराखाली गाडीच्या लांबीभर जाणारी पत्र्याची पेटी असते, तिच्या खालच्या कडेला जॅक बसवण्यासाठी दोन खाचा असतात. गाडी उचलायची ती तिथेच. चाक काढायला म्हणून मघाशी जॅक तिथे लावला, तेव्हाच कुर्रकुर्र आवाज होऊन कड आत दबली होती. फोटोत पत्रा दुमडलेला दिसतो आणि भेगेतून तांबडा भुगा गळतोय.

ही पेटी आतून पोकळ असते. तळाला पाणी निघायला बारीक भोकं असतात, ती चिखलाने बुजली की पाणी आत साठतं आणि पत्रा आतल्या बाजूने कुजतो. मिलिमीटरभरही जाडी नसलेला तो पत्रा. बाहेरून डांबरी कोटिंग मारलेलं होतं, त्यामुळे सगळं काळंभोर, भक्कम वाटत होतं. आत धरायला काही उरलं नव्हतं.

ज्या जागेवर गाडीचा भार पेलायचा ती जागाच गेली, म्हणजे अंगणातलं काम तिथेच संपलं होतं. दादाने जॅक आतल्या बाजूला, तळाच्या आडव्या पट्टीखाली सरकवला आणि मध्ये लाकडाची फळी घातली. जॅकखाली शहाबादी फरशीचा तुकडा ठेवला. शिवाय बाभळीचा एक ठोकळा टेकवला आणि काढलेलं चाक आडवं करून गाडीखाली सरकवलं. यातलं शेवटचं फार शहाणपणाचं होतं, कारण जॅक सुटला तरी गाडी चाकावर अडते आणि खालच्या माणसाला जागा राहते.

या घडीला गाडी कशाकशाने धरलेली होती? जॅक, ठोकळा, आडवं चाक, हँडब्रेक, गिअर आणि पुढच्या विटा. उचललेली गाडी टेकवायला गॅरेजमध्ये असते ती लोखंडी घोडी मात्र घरात नव्हती.

सकाळी ९.२० (८ तास १४ मिनिटं आधी)

ड्रम जागचा हलेना. जुन्या ड्रमच्या आतल्या कडेला झिजून कंगोरा तयार होतो आणि ब्रेक शू त्याच्यात अडकतात. त्यांना आत घ्यायचं तर हँडब्रेक सोडावाच लागतो, त्याला इलाज नाही. दादाने तो सोडला. मागच्या उजव्या चाकाची पकड गेली. अर्ध्या तासाच्या ठोकाठोकीनंतर ड्रम निघाला. त्या ठोक्यांनी जॅक फरशीवर किंचित फिरला असणार, कारण आधीच्या आणि या फोटोतली त्याची दिशा वेगळी आहे.

याच वेळी वहिनी म्हणाल्या, “ते चाक रिकामंच पडून आहे, तं पंक्चर काढून आणा ना.” टायरमधली हवा आठवडाभर जात होती. चौदा वर्षांचा पुतण्या चाक गाडीखालून ओढून दुकानात घेऊन गेला. सांगणाऱ्याचं चुकलं नव्हतं, नेणाऱ्याचंही नव्हतं. ते चाक तिथे कशासाठी ठेवलंय, हे दादाने कोणाला सांगितलंच नव्हतं.

सकाळी १०.४० (६ तास ५४ मिनिटं आधी)

जुना सिलिंडर काढायचा तर त्याला जोडलेल्या लोखंडी ब्रेक पाइपचा छोटा नट सोडवावा लागतो. नट पाइपला धरून गंजलेला होता. पाना फिरवला की नटाबरोबर पाइपही पिळला जात होता. दोनदा मागे-पुढे केल्यावर पाइपच चिरला. जुन्या गाडीच्या ब्रेकवर काम केलेल्या प्रत्येक मिस्त्रीने हे पाहिलेलं असतं.

दुपारी १२.१५ (५ तास १९ मिनिटं आधी)

दादाने नेहमीच्या मिस्त्रींना वर्ध्याला फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “भाऊ, गाडी कशावर उभी आहे?” जॅक आणि ठोकळ्यावर, असं कळल्यावर म्हणाले, “मंग आता राहू द्या ना. खाली उतरवा अन् झाका. उद्या सकाळी मी घोडी घेऊन येतो, तारीख पुढची घेऊ.”

त्या दिवशी कोणी दिलेला हा सगळ्यात नेमका सल्ला. पण सोमवारची तपासणी दादाच्या डोक्यातून जाईना. मुदत चुकली असती तर नुकसान होतं काही शे रुपयांचं.

दुपारी २.०५ (३ तास २९ मिनिटं आधी)

ओळखीच्या दुकानदाराने रविवार असूनही अर्धं शटर उघडून मापाचा लोखंडी पाइप तयार करून दिला. तांब्याचा पाइप घ्यायचा मोह दादाने टाळला, हे योग्यच होतं. तांबं हादऱ्यांनी थकून चिरतं, ब्रेकच्या दाबाला ते चालत नाही.

नवा पाइप जुन्या वाटेने न्यायला बाभळीचा ठोकळा आडवा येत होता. दादाने तो बाजूला काढला. काम झालं की परत लावायचा, असं मनाशी ठरवून. पुतण्या पंक्चर काढलेलं चाक घेऊन आला आणि त्याने ते ओसरीच्या भिंतीला नीट टेकवून ठेवलं.

आता गाडीचा मागचा डावा कोपरा एकट्या जॅकवर होता. गाडीबरोबर येतो तो कैची जॅक चाक बदलण्यापुरता बनवलेला असतो. त्याचा पाया अरुंद, वरचं तोंड लहान. सरळ खाली येणारा भार तो पेलतो, बाजूने बसलेला धक्का त्याला सोसत नाही.

दुपारी ३.१० (२ तास २४ मिनिटं आधी)

आभाळ भरून आलं आणि जोराची सर कोसळली. सगळे ओसरीवर धावले. गाडीवर ताडपत्री टाकली होती, पण टिनाच्या छपराचं पाणी धारेने गाडीच्या डाव्या बाजूलाच पडत होतं. मामींनी चहा केला. मुरमाखालची माती पाणी पीत राहिली.

दुपारी ४.३० (१ तास ४ मिनिटं आधी)

पाऊस थांबल्यावरचा फोटो. जॅकखालची फरशी भिंतीच्या बाजूला खचलेली आहे. मोबाइल आडवा धरून पाहिलं तर जॅक सरळ उभा नाही, हे कळतं. पुढच्या चाकाची वीटही चिखलात अर्धी रुतली आहे. फोटो काढायच्या वेळी दादाचं लक्ष नव्या सिलिंडरकडे होतं, आणि फोटोच्या मधोमध तोच आहे.

नवे शू बसले, सिलिंडर बसला, पाइप जोडला गेला. दिवसभराच्या अडथळ्यांनंतर सगळं जागच्या जागी येत होतं. दादा नंतर म्हणाला की दिवसभरात सगळ्यात निर्धास्त तो याच वेळी होता.

संध्याकाळी ५.१० (२४ मिनिटं आधी)

राहिली होती फक्त ब्रेकची हवा काढणं. पाइप उघडला की त्यात हवा शिरते. ऑइल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते, म्हणून पेडल खाली जातं आणि ब्रेक लागत नाही. हवा काढायला दोन माणसं लागतात. एक आत बसून पेडल दाबून धरतो, दुसरा चाकामागचा निपल सोडून हवा बाहेर काढतो आणि पुन्हा आवळतो.

पुतण्या ड्रायव्हरच्या सीटवर बसला. निपल ड्रमच्या मागच्या, आतल्या बाजूला असतो. तिथे रिंग पाना लावायचा तर कुशीवर आडवं होऊन हात ड्रमखालून आत घालावा लागतो. दादा तसा आडवा झाला.

“दाब. धर. सोड.” पोरगा जीव लावून दाबत होता. प्रत्येक वेळी गाडी बोटभर झुलत होती. हँडब्रेक सोडलेला, वीट रुतलेली, जॅक कललेला.

संध्याकाळी ५.३४

मामा तेव्हा ओसरीवर होते. ते सांगतात, आधी पत्रा दाबल्यासारखा आवाज आला. फळी निसटली, जॅक भिंतीकडे आडवा झाला आणि गाडीचा कोपरा सरळ खाली आला. ड्रम दादाच्या कोपराखालच्या हातावर टेकला. दाराखालची ती कुजकी पेटी त्याच्या खांद्याच्या वर, वीतभर अंतरावर थांबली. ड्रम जमिनीला टेकल्यामुळे तेवढी जागा उरली. दादाचं डोकं तिथून हातभर पुढे असतं, तर हा लेख वेगळा झाला असता.

५.३४ नंतर

मामांनी हाक दिली. शेजारच्या घरांतून चार माणसं धावत आली. मारुती ८००चं वजन साधारण साडेसहाशे किलो, त्यातलं जास्त पुढच्या चाकांवर. मागचा एक कोपरा दीडशे किलोच्या आतला. चौघांनी तो हातांनी उचलला, मामांनी दादाला ओढून काढलं. गाडी हलकी म्हणून तो लवकर सुटला. गाडी हलकी म्हणूनच दिवसभर कोणाला तिची भीती वाटली नव्हती.

हात सुजत होता, पण रक्त फारसं दिसत नव्हतं. शेजाऱ्याने लाकडाच्या दोन पट्ट्या बांधून हात स्थिर केला आणि आपल्या जीपमधून सगळ्यांना वर्ध्याच्या वाटेवर सावंगीच्या दवाखान्यात नेलं. कोपराखालची दोन्ही हाडं मोडली होती. शस्त्रक्रिया करून पट्ट्या बसवल्या. हात वाचला, कामही करतो, पण मनगट पूर्वीसारखं पूर्ण फिरत नाही.

पुतण्या कितीतरी दिवस कोणत्याच गाडीत पुढे बसायला तयार नव्हता. पेडल मीच दाबत होतो, एवढंच तो म्हणायचा. त्याची काहीएक चूक नव्हती, हे घरातल्या मोठ्यांनी त्याला पुन्हा पुन्हा सांगावं लागलं.

जी कामं घरी करूच नयेत

जुन्या गाडीवर प्रेम असणारी माणसं वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव, सगळीकडे आहेत. ती आपल्या हाताने दुरुस्ती करतात याचा मला आदर आहे. पैसे वाचतात, गाडी कळते, पोरांना हत्यारं धरता येतात. तेल बदला, प्लग साफ करा, फिल्टर बदला, बॅटरी बदला. पण जे काम गाडीखाली शरीराचा कुठलाही भाग नेल्याशिवाय होत नाही, त्याचे नियम वेगळे आहेत. ते नियम पाळता येत नसतील तर ते काम गॅरेजचं आहे.

गाडी उचलायची ती काँक्रीटवर किंवा पक्क्या फरसबंदीवर. काळ्या मातीच्या अंगणात नाही, आणि पावसाळ्यात तर मुळीच नाही. जॅक उचलण्यापुरता, धरून ठेवायला लोखंडी घोड्या. त्यांची जोडी साधारण दोन-अडीच हजारांत मिळते. विटा आणि सिमेंटचे ठोकळे कधीच नाहीत, ते इशारा न देता फुटतात. काढलेलं चाक गाडीखाली आडवं राहील आणि काम संपेपर्यंत ते कोणी हलवणार नाही, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवायचं. कोणी गाडीखाली असताना गाडीत दुसरं कोणी बसायचं नाही. ब्रेकची हवा काढताना बसावंच लागतं, म्हणून ते काम घोड्यांशिवाय करायचंच नाही. मध्ये थांबलात, जेवलात, पाऊस आला, तर परत हात घालण्याआधी सगळे आधार पहिल्यापासून तपासायचे.

गाडी उचलण्याआधी जॅकच्या खाचांवर पेचकसाच्या मुठीने ठोका आणि टोकाने दाबून पाहा. खणखणीत आवाज यायला हवा. बद्द आवाज आला, पापुद्रे गळले किंवा पेचकस आत गेला, तर गाडी उचलूच नका. तिथला पत्रा कापून नवा वेल्डिंगने बसवावा लागतो. तेही न जमण्याइतका तळ गेला असेल, तर ती गाडी रस्त्यावरही चालवण्यासारखी राहिलेली नाही. इंजिन कितीही चांगलं असलं तरी तिच्यात बसलेल्या माणसांना सांभाळायचं असतं ते याच पत्र्याने.

मामांची गाडी नंतर भंगारात गेली. नूतनीकरण झालं नाही. दादाने पुढच्याच महिन्यात घोड्यांची जोडी आणली, आता गल्लीतल्या कोणालाही लागली तर तो ती देतो.

तुमच्या घरी अशी गाडी असेल, तर या पावसाळ्यात एवढं करा. पहिला बोल्ट तुटला की पाना खाली ठेवा आणि गाडी कशाकशावर उभी आहे ते मोठ्याने मोजा. मोजताना एक जरी आधार कमी भरला, तर गाडी खाली उतरवा आणि मिस्त्रींना फोन करा. तपासणीची तारीख पुन्हा मिळते.